डावीकडची रेघ

"आत!" तात्या ओरडले.

चेंडू रेघेच्या बाहेर चांगला वीतभर पडला होता. कोर्ट शेणाने सारवलेलं, त्यावर चुन्याची ताजी पांढरी रेघ, आणि चेंडूचा ठसा रेघेपासून इतका लांब की मध्ये एखादं मांजर आरामात झोपलं असतं. कडेच्या लोखंडी खुर्चीवर मफलर गुंडाळून बसलेल्या मला तो दिसला. माझ्या शेजारी बसलेल्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरी आरवाड्यांना दिसला. पलीकडच्या यार्डात शंटिंग करणाऱ्या इंजिनाच्या ड्रायव्हरलाही दिसला असावा, कारण त्याने नेमकी त्याच वेळी शिट्टी मारली.

"मास्तर, औट होता की हो!" जाळीपलीकडून शौकतभाई म्हणाले. ज्याने चेंडू मारला तोच माणूस तो बाहेर गेला म्हणून तक्रार करतोय, हे दृश्य मी टेनिसमध्येच काय, आयुष्यात कुठेही पाहिलेलं नव्हतं.

"माझ्या बाजूची रेघ मी बघायची, शौकतभाई. आत म्हणजे आत. गेम तुमचा."

आणि तात्या शांतपणे टॉवेलकडे चालू लागले. सामना ते हरत होते. गेलं दीड वर्ष ते हरतच होते.

"बघितलंत?" आरवाड्यांचा आवाज भरून आला. "देवमाणूस! अहो जावईबापू, आमच्यात माणसं रेघेवरचा चेंडू बाहेर ढकलतात. हा माणूस बाहेरचा चेंडू आत ओढून घेतो. म्हणून कमिटीने ठरवलंय, येत्या रविवारी मास्तरांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र तुम्ही लिहायचं."

"मी?"

"तुम्ही पेपरात लिहिता ना?"

मी पेपरात लिहीत होतो हे खरं. पुण्याच्या एका दैनिकात दर रविवारी लोकांची टिंगल करणारं सदर मी चालवत असे, आणि त्यावर घर चालत असे. कोणाचंही चांगलं लिहायची मला सवय नव्हती. पण सासुरवाडीत जावयाला नाही म्हणता येत नाही. नुसतं 'बघू' म्हणता येतं. मी 'बघू' म्हणालो. आरवाड्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि ते माईकवाल्याला सांगायला गेले.

ही गोष्ट मिरजेची, मंदाच्या माहेरची. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं आठवडाभर राहायला गेलो होतो. तात्या म्हणजे माझे सासरे हणमंतराव पोतदार, रेल्वेतले निवृत्त स्टेशनमास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एका आडबाजूच्या स्टेशनावर टाकलं होतं. तिथे दिवसाकाठी मोजक्या गाड्या आणि उरलेला वेळ नुसतं ऊन. कोणा साहेबाने टाकून दिलेली एक रॅकेट त्यांना तिथे सापडली, आणि समोर गुड्स शेडची भिंत होतीच. तात्या म्हणत, "भिंतीसारखा प्रतिस्पर्धी नाही. चुकत नाही, चिडत नाही आणि बदली मागत नाही." पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे त्यांनी आधी रेल्वे इन्स्टिट्यूटचं कोर्ट बघितलं आणि मग क्वार्टर. त्या घरातल्या पोरांना आकडेसुद्धा टेनिसमधूनच आले. शाळेत बाईंनी "पंधरानंतर काय?" म्हणून विचारलं तर आमची मंदा ठणकावून "तीस" म्हणाली होती आणि त्याबद्दल तिने बाकावर उभं राहून शिक्षा भोगली होती.

पण टेनिसपायी घर वाऱ्यावर सोडणाऱ्यांतले तात्या नव्हते. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई एकदा टायफॉइडने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तात्यांनी रॅकेट माळ्यावर टाकली आणि हातात पोळपाट-लाटणं घेतलं. अक्का बऱ्या झाल्या, हिंडू-फिरू लागल्या, तरी हे रॅकेटचं नाव काढीनात. म्हणत, "तुला अजून अशक्तपणा आहे." शेवटी अक्कांनीच एक दिवस स्टुलावर चढून माळ्यावरची रॅकेट काढली, फडक्याने पुसली आणि त्यांच्या हातात ठेवली. "तुमच्या पोळ्या खाऊन अशक्तपणा जायचा नाही," एवढंच म्हणाल्या.

असा सासरा मिळणं हे टिंगलखोर माणसाच्या धंद्याला मारक असतं. मी लग्नानंतर बरीच वर्षं तात्यांवर एखादा लेख होईल म्हणून टपून बसलो होतो. एक ओळ मिळाली नाही.

त्या दिवशी दुपारी पंगतीला बसलो. तात्यांची एक सवय होती: सकाळचा सामना ते दुपारी जेवताना परत खेळत. ताट म्हणजे कोर्ट, मध्ये उभा धरलेला पापड म्हणजे जाळी, लिंबाची फोड म्हणजे चेंडू. "शौकतभाईंनी असा मारला," असं म्हणून ते लिंबू पापडावरून पलीकडे नेत, "आणि मी इथे." अक्का वाढता वाढता मान डोलवत. कोर्टवर त्या कधी फिरकल्या नव्हत्या. पण लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक सामना त्यांनी ताटात बघितला होता.

माझं लक्ष मात्र ताटाकडे गेलं. चटणी, कोशिंबीर, लोणचं, मीठ, लिंबू हे सगळं तात्यांच्या ताटात उजवीकडे वाढलेलं. भाजी डावीकडे नाही, तीही उजवीकडेच, जरा वर. ताटाची सगळी वस्ती एका बाजूला आणि डावीकडे मोकळं मैदान. बाकीच्या ताटांत सगळं जागच्या जागी.

"अक्का," मी म्हटलं, "तात्यांचं ताट कोणत्या पंचांगाप्रमाणे वाढलंय?"

मंदानेही बघितलं. "अगं बाई! अक्का, मी एकदा चटणी उजवीकडे वाढली तर तू पाहुण्यांसमोर ताट उचलून आत नेलं होतंस!"

"आमटी घ्या, जावईबापू," अक्का म्हणाल्या आणि माझ्या वाटीत ती काठोकाठ ओतली. गरम आमटी काठोकाठ भरलेली असली की माणूस प्रश्न विचारत नाही.

तात्या पापडावरून लिंबू नेण्यात गुंग होते.

दुपारी तात्यांची रॅकेट घेऊन मला शौकतभाईंच्या दुकानात पिटाळण्यात आलं. शौकतभाई सतारी आणि तंबोरे बनवायचे. ते रेल्वेत नव्हते, तरी इन्स्टिट्यूटने त्यांना मेंबर करून घेतलं होतं, कारण रॅकेटला तारा भरणारा दुसरा माणूस गावात नव्हता. दुकानात भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि त्यात मांडी घालून शौकतभाई. त्यांनी रॅकेट घेतली, अंगठ्याने एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"उतरलीय."

मला वाटलं, ते रॅकेटबद्दलच बोलतायत.

"जावईबापू, एक विचारू? रागवायचं नाही." त्यांनी रॅकेट बाजूला ठेवली. "मी काय भिकारी हाय का?"

"असं का म्हणता?"

"मग मास्तर मला दान का देतात? दीड वर्ष झालं बघा की. डावीकडे मारला की आत. वीतभर बाहेर, आत. हातभर बाहेर, आत! मागच्या महिन्यात मी मुद्दाम मारला, पार त्या कडुलिंबाच्या बुंध्याशी. म्हटलं, आता तरी औट म्हणतील. तर म्हणतात, 'छान बसला, शौकतभाई!'" ते हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. "अहो, पंधरा वर्षं ह्या माणसाला हरवायसाठी मी घाम गाळला. हरवलं की घरी पेढे न्यायचे, असं ठरवलं होतं. पहिल्यांदा हरवलं तेव्हा नेले. आता रोजच हरवतो. पेढ्याची चव गेली."

"अहो, त्यांचा स्वभाव..."

"स्वभाव न्हाई. मास्तरांना वाटतंय, शौकत म्हातारा झाला, त्याला जिंकू द्यावा. दया करायलेत." त्यांनी तार सोडवायला घेतली. "सत्काराला मी येतो. सत्काराचा सामना खेळतो. त्यानंतर न्हाई येणार. गुडघा दुखतो म्हणून सांगीन. मास्तरांना कळवू नका."

मी मानपत्राच्या मजकुराचा विचार करत परत निघालो. 'ज्यांच्या औदार्याने त्यांचा जुना मित्र खेळ सोडतो आहे' असं वाक्य मानपत्रात शोभलं नसतं.

संध्याकाळी तात्यांबरोबर फिरायला गेलो. पूर्वी ते सायकलवर जायचे. दीड वर्षापूर्वी सायकल अचानक शेजाऱ्यांच्या मुलीला देऊन टाकली आणि "चालणं तब्येतीला बरं" असं जाहीर केलं. मी त्यांच्या डावीकडून चालत होतो. गाडीवरून भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि चार शेंगा हातावर ठेवून त्यांच्यापुढे धरल्या.

तात्या चालतच राहिले.

"तात्या, शेंगा."

"हो का? द्या की." आणि त्यांनी उजव्या बाजूला हात पसरला. माझा हात डावीकडे, त्यांच्या कमरेशी, अगदी त्यांच्या नाकाखाली म्हणावा असा होता. मग त्यांनी मान वळवली, पार कोंबडीसारखी, आणि शेंगा त्यांना दिसल्या. शेंगा दिसल्या आणि माझा चेहराही दिसला.

त्यांनी शेंगा उचलून घेतल्या.

"तुम्ही लेखक माणसं," तात्या म्हणाले, "फार बारीक बघता."

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही?"

"वरचं दिसतं. खालचा डावीकडचा कोपरा गेलाय. एके सकाळी उठलो तर बूट दिसेना, डावा. मला वाटलं, कुत्र्याने नेला. पायाशीच होता." ते हसले. "सांगलीच्या डॉक्टरांना गुपचूप दाखवलं. म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, डोक्यातली एक बारीक शीर रुसली. कोपरा काही परत यायचा नाही. सायकल सोडा म्हणाले. सोडली."

"आणि टेनिस?"

"टेनिस खेळा म्हणाले, पण घरच्यांना सांगून. त्यातला अर्धा सल्ला मी पाळला."

"म्हणजे तुम्ही ते सगळे चेंडू..."

"नियमच आहे तो. पंच नसला की आपल्या बाजूची रेघ आपण बघायची, आणि चेंडू बाहेर पडलेला नक्की दिसला नाही तर तो आत. मला डावीकडचा एकही नक्की दिसत नाही. मग सगळे आत." एवढं साधं आहे, अशा चेहऱ्याने त्यांनी शेंग फोडली. "जावईबापू, तुमच्या अक्कांना सांगू नका. तिला कळलं तर तिची झोप उडेल. मी कोर्टवर गेलो की ती दाराकडे बघत बसेल. मग मला जाववणार नाही. नोकरी सुटली, सायकल सुटली, त्याचं काही नाही. हे एवढं राहू द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच तात्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी हो म्हणालो. पण शौकतभाईंचं मला गिळता येईना. त्यांनी कळवू नका म्हटलं होतं, तरी सांगून टाकलं. तात्यांनी हातातल्या उरलेल्या शेंगा परत माझ्या हातात ठेवल्या.

"दया?" ते म्हणाले. "शौकतला वाटतं, मी त्याच्यावर दया करतो?"

आणि ते घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कोर्टवर चुना मारायला गेले होते आणि मंदा मैत्रिणीकडे. अक्का स्वयंपाकघरात खलबत्त्यात चटणी कुटत होत्या. मला ताट आठवलं, उजवीकडे गोळा झालेलं. आणि डावीकडचं मोकळं मैदान. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसलो.

"अक्का, तुम्हाला ठाऊक आहे."

बत्ता थांबला. त्यांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही कसं ओळखलंत ते आधी सांगा."

"मला कोण सांगणार? जन्मभर चटणी दोनदा मागून घेणारा माणूस चटणीला हात लावेना. मला वाटलं, माझा हात बिघडला. शेंगदाण्याची केली, कारळ्याची केली, जवसाची केली. तशीच राहायची. कोशिंबीर तशीच, लिंबू तसंच. भाजी मात्र संपायची. मग एक दिवस ताटच फिरवून ठेवलं. चटणी चाटूनपुसून साफ." त्यांनी पदराने नाक पुसलं. तिखटाने असेल. "मग कळलं, जीभ नाही बिघडली."

"त्यांना का नाही बोललात?"

"बोलून काय होईल? ह्यांना कळलं की मला कळलंय, की उद्यापासून रॅकेट माळ्यावर. मला काळजी नको म्हणून. टायफॉइडच्या वेळी नाही का? आता स्टुलावर चढायचं माझं वय राहिलं नाही, जावईबापू." बत्ता पुन्हा सुरू झाला. "ते लपवतायत म्हणून खेळतायत. लपवू द्या. तुम्ही आपलं मानपत्र लिहा."

तर अशा रीतीने त्या घरातलं एकच गुपित माझ्याकडे दोन बाजूंनी जमा झालं. नवऱ्याने सांगितलं बायकोला सांगू नका, बायकोने सांगितलं नवऱ्याला सांगू नका, आणि दोघांच्या मध्ये बसून मला मानपत्र लिहायचं होतं, तेही खोटं न लिहिता. मंदा म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय? पोट बिघडलंय का?" मी हो म्हणालो. मग मला दोन दिवस नुसता ताकभात मिळाला.

मानपत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'जे नक्की दिसत नाही ते समोरच्याच्या पदरात घालावे, हा धडा मास्तरांनी आम्हांस दिला.' आरवाडे हे वाचून गहिवरले. त्यांनी ते वाक्य सोनेरी शाईत काढून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी मी तात्यांना गाठलं. "उद्या शाल घ्या, नमस्कार करा आणि गप्प बसा. काही बोलू नका. शौकतभाईंना आपण नंतर सावकाश समजावू."

"बघू," तात्या म्हणाले.

'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता.

रविवारी सकाळी कोर्टच्या कडेला मांडव घातलेला. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर अक्कांना बसवलं होतं. कोर्टवर यायची त्यांची ही पहिलीच वेळ. जरीकाठाची साडी नेसून, हात मांडीवर घेऊन त्या समोरच्या चुन्याच्या रेघा बघत होत्या, आपलंच ताट कोणीतरी मोठं करून जमिनीवर मांडावं तशा. त्यांच्या शेजारी मंदा, मग मी. एका कडेला शौकतभाई, पांढरी पॅन्ट, गुडघ्याला आतापासूनच पट्टा बांधलेला.

आरवाड्यांनी मानपत्र वाचलं. टाळ्या पडल्या. शाल पुढे आली, आणि तात्यांनी हात वर केला. गाडी थांबवताना करत तसा.

"मंडळी, एक दुरुस्ती आहे."

मी डोळे मिटून घेतले.

"ही शाल सौजन्यासाठी आहे असं आरवाडे म्हणतात. सौजन्य म्हणजे आपल्याला दिसत असून दुसऱ्याला देणं. मला दिसतच नाही." मांडवात कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, मास्तरांचा विनय. "खरंच दिसत नाही. दीड वर्षापासून डावीकडचा खालचा कोपरा गेला आहे. डावीकडच्या रेघेवर चेंडू कुठे पडतो ते मला कळत नाही. कळत नसेल तर आत म्हणायचं, हा खेळाचा नियम. मी नियम पाळला, बस्स. नियम पाळल्याबद्दल शाल द्यायची तर वेळेवर गाडी सोडणाऱ्या प्रत्येक स्टेशनमास्तरला द्यावी लागेल, आणि तेवढ्या शाली आरवाड्यांकडे नाहीत."

तात्या शौकतभाईंकडे वळले. पूर्ण वळले, मान फिरवून, म्हणजे ते नीट दिसावेत.

"शौकत, तुझ्यावर दया करण्याइतका मी कधीच चांगला खेळलो नाही. हे तुला मी आधी सांगायला हवं होतं. भीती वाटली. सांगितलं असतं तर घरी कळलं असतं. घरी आत्ता कळतंय." इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. अक्कांकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. "तेव्हा शाल नको. आजचा सामना तेवढा खेळू द्या. तो शेवटचा. उद्यापासून मी घरी."

आरवाडे शाल हातात घेऊन तसेच उभे, कपडे वाळत घालायला आलेल्या माणसासारखे.

पहिला आवाज शौकतभाईंचा आला. "म्हणजे... म्हणजे मी दीड वर्ष न दिसणाऱ्या माणसाला हरवत होतो? आणि वर पेढे वाटले?" त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग खाली वाकले आणि गुडघ्याचा पट्टा सोडून टाकला. "मास्तर, शेवटचा कसला? आता तर तुमाला खरं हरवायचं ऱ्हायलंय!"

"नाही शौकत. घरच्यांना काळजी..."

एक खुर्ची सरकली.

अक्का उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, बसलेली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि चालू लागल्या. मी धावलो, मंदा धावली, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. सत्कारमूर्तींच्या पत्नी भर मांडवातून लोखंडी खुर्ची घेऊन निघाल्या आहेत, हे बघून आरवाड्यांना वाटलं, त्या रागावून घरी चालल्या आणि जाताना खुर्चीही नेतायत. "अक्का, खुर्ची इन्स्टिट्यूटची आहे," असं ते पुटपुटलेही.

अक्का थेट कोर्टवर गेल्या. तात्यांच्या बाजूला, डावीकडच्या रेघेच्या टोकाशी त्यांनी खुर्ची ठेवली, रेघ सरळ नजरेत येते की नाही ते एक डोळा मिटून बघितलं, खुर्ची जरा सरकवली आणि बसल्या.

"खेळा," त्या म्हणाल्या. "डावीकडचं मी बघते."

तात्या जागेवरच होते. "तुला... तुला कळलं ते..."

"मला चटणीने सांगितलं. दीड वर्ष झालं. खेळा आता, ऊन चढतंय."

तात्यांना चटणीचं काही कळलं नाही. पण बायकोकडे ते असे बघत राहिले की मंदाने माझा हात घट्ट धरला आणि मला चष्मा पुसावा लागला. थंडीत चष्म्यावर वाफ धरते.

खेळ सुरू झाला. शौकतभाईंनी मुद्दामच पहिला चेंडू डावीकडे मारला. रेघेच्या बाहेर, वीतभर. तात्यांचं तोंड सवयीने उघडलं.

"औट!" अक्का कडाडल्या. घरात ज्यांचा आवाज कपबशीपलीकडे कधी गेला नाही, त्या बाईंचा तो आवाज यार्डापर्यंत गेला. इंजिनाने उत्तरादाखल शिट्टी मारली.

शौकतभाई रॅकेट वर करून हसत सुटले. "औट! ऐकलंत का? एकदाचं कोणीतरी औट म्हटलं!"

पुढचा चेंडू रेघेवर पडला. बारीक पांढरी धूळ उडाली.

"आत," अक्का म्हणाल्या. "चुना उडाला."

"अगं, जरा नीट बघितलंस का?" तात्या म्हणाले.

"तुमच्या बाजूने बघायला नाही बसले मी."

त्या दिवशी तात्या हरले. पण दीड वर्षात पहिल्यांदा ते रीतसर हरले, आणि शौकतभाई पेढे आणायला स्वतः सायकलवर गेले. शाल वाया जाऊ नये म्हणून आरवाड्यांनी ती अक्कांना पांघरली. मानपत्र माझ्याकडे परत आलं, दुरुस्तीसाठी. मी ते दुरुस्त केलं नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतर तात्या पुष्कळ वर्षं खेळले. पहाटे मिरजेच्या रस्त्यावरून ते दोघं जाताना दिसत. रॅकेट त्यांच्या हातात, उशी अक्कांच्या, कारण लोखंडी खुर्ची थंडीत गार लागते. अक्का नेहमी त्यांच्या डावीकडून चालत. आज दोघंही नाहीत, शौकतभाईही नाहीत. कोर्टवर काय आहे ते मी बघायला गेलेलो नाही.

मला विचाराल तर सामन्यापेक्षा त्या दुपारचं जेवण जास्त आठवतं. पंगत बसली. मी आधी तात्यांच्या ताटाकडे बघितलं. चटणी, कोशिंबीर, लोणचं, मीठ, लिंबू, सगळं पूर्वीसारखं डावीकडे, जागच्या जागी. आता लपवायचं काही नव्हतं.

तात्यांनी पापड उभा धरला. "शौकतने असा मारला..." म्हणत लिंबाची फोड घ्यायला हात डावीकडे नेला. मान वळवायचं सामन्याच्या भरात राहून गेलं. हात ताट ओलांडून पलीकडे पाटाजवळच्या जमिनीवर टेकला आणि तिथे लिंबू चाचपू लागला.

अक्का माझ्या ताटात भात वाढत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही.

"औट," त्या म्हणाल्या.